तासावरच्या सायकलीपासून कुकडीच्या कुंडांपर्यंत : आमची वाटचाल

दुकानाच्या पाटीवर ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ असं लिहिलंय. ती वाचून महिन्यातून एकदा तरी कुणीतरी आत डोकावतं आणि विचारतं, खडी काय भाव ब्रास? आधी मी वैतागायचो. आता मामाच परस्पर उत्तर देतात, “खडी विकत नाही, खडीवरनं न पडता चालवायला शिकवतो.”

मामा सख्खे नव्हेत. नारायणगावात वडिलांचं तासावर सायकली देण्याचं दुकान होतं, तेव्हापासून ते आमच्याकडे चाकं बांधतात. भिंतीला ओळीनं उभ्या सायकली, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर आणि गल्ल्यावर नावं लिहायची वही. मोटारसायकली आल्या तशी ती वही कोरी राहायला लागली. वडिलांनी सायकली भंगारात घातल्या, पण मामांचा चाकं सरळ करायचा स्टँड घातला नाही. लोखंडी पट्ट्या जोडून त्यांनी तो स्वतः बनवलाय. आज माझ्याकडे परदेशी स्टँड आहे, पाते आणि स्केलसकट. मामा त्याला हात लावत नाहीत. ते चाक फिरवतात, रिमवर नख टेकवतात आणि आवाजावरून सांगतात कुठली तार ढिली आहे. मी मोजून बघितलंय. चूक मोजमापाचीच निघते.

चाकणची नोकरी सोडून २०१३ साली मी परत आलो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती, लोकांना पैसे घेऊन कच्च्या वाटांवर सायकलनं फिरवायचं. येडगाव धरणाखालून कुकडी नदीच्या कडेकडेनं निघोजच्या कुंडांपर्यंत डांबराला जवळजवळ न शिवता जाता येतं. कधी कालव्याचा बांध, कधी पाणंद, कधी नदीकाठची गाडीवाट. वाटेत खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिश दिसतात, एकेक ४५ मीटर रुंद, सकाळी एकीकडे तोंड आणि परतताना दुसरीकडे. दुसरा रस्ता वरच्या अंगाचा. जुन्नरहून माणिकडोहच्या पाणलोटाच्या काठानं, चावंड किल्ला उजवी-डावीकडे ठेवत, पूरच्या कुकडेश्वरापर्यंत. नदी तिथंच नाणेघाटाच्या अलीकडे उगम पावते. उगमापासून कुंडापर्यंत दोन दिवस. या दोन दिवसांत भेटणारी वाहतूक म्हणजे दुधाच्या मोटारसायकली, ट्रॅक्टर आणि एखादा जेसीबी.

निघोजची कुंडं पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. न पाहिलेल्यांनी असं समजा की नदी काळ्या पाषाणात शिरते आणि दगडगोटे भोवऱ्यात फिरवून फिरवून तिनं रांजण कोरलेत. अलीकडे निघोज, पलीकडे टाकळी हाजी, दोन्हीकडे मळगंगा देवीचं देऊळ. दिवसभर मुरमावर हाडं खिळखिळी करून घेतल्यावर त्या खडकावर पाठ टेकायची, तो थंडावा मी पॅकेजमध्ये लिहीत नाही. लिहिलं की लोक तिथं फोटोलाच थांबतात.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचे एक काका, बँकेतून निवृत्त. २०१४ साली त्यांनी आपली रोड बाइक आणली, २३ मिलीमीटरचे टायर. मी सांगून बघितलं. “चाळीस वर्षं सायकल चालवतोय,” म्हणाले. सराट्याच्या, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या काटेरी वेलीच्या, पट्ट्यात पहिल्या पाच किलोमीटरला चार पंक्चर झाली. संध्याकाळी दुकानात बसून त्यांनी चिमट्यानं दोन्ही टायरमधले काटे काढले, मोजले आणि काडेपेटीत भरून घरी नेले. एकोणीस. मला वाटलं, हे काही परत येत नाहीत. पुढच्या महिन्यात आले, काडेपेटी दाखवली आणि विचारलं, “आता कुठला टायर?”

इथं थोडं विषयांतर करतो, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीडचा टायर असतो ना, तो ४० मिलीमीटरचाच. आज ज्याला ग्रॅव्हल टायर म्हणून पाचपट पैसे मोजता तीच रुंदी. आपल्या आजोबांना मुरमाचं शास्त्र कळत होतं. फरक रिमच्या व्यासाचा: तिचा ६३५ मिलीमीटर, नव्या सायकलींचा ६२२. तेरा मिलीमीटरसाठी तो टायर बसत नाही, नाहीतर मी केव्हाच बसवला असता. तेव्हा ४० घ्या, ट्यूबलेस करा आणि हवा कमी ठेवा. सत्तर किलोच्या माणसाला पस्तीस-चाळीस पीएसआय पुरे. पेट्रोल पंपावर साठ भरून येऊ नका. आणि सीलंट, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये घालतात तो द्रव, उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतं. हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली नाही तर सराट्याला दोष देऊ नका. पाऊस पडल्यावर दोन दिवस काळ्या रानात उतरू नका. माती टायर आणि फोर्कमध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि ती तिप्पट जड झालेली असते.

मधली वर्षं बरी गेली. दोनाच्या आठ सायकली झाल्या.

जानेवारी २०२० मध्ये मी कर्ज काढून आणखी बारा घेतल्या. मार्चमध्ये सगळं बंद. बारा सायकली प्लॅस्टिकच्या वेष्टनात भिंतीला टेकून उभ्या आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. बायकोनं पाटल्या काढून दिल्या, मी घेतल्या नाहीत, दोन महिन्यांनी घेतल्या. ही गोष्ट तिच्या माहेरी अजून माहीत नाही, आता होईल.

तगलो ते मामांमुळं. एसटी बंद पडली आणि माळ्यावरच्या जुन्या सायकली खाली उतरल्या. कुणाची चेन गंजलेली, कुणाचा बेरिंगचा कप फुटलेला, कुणाची सीट उंदरांनी खाल्लेली. मामांनी गुडघ्याएवढ्या स्टुलावर बसून रोज वीसेक सायकली उभ्या केल्या. पाण्याचं घमेलं, सोल्युशन, कानस आणि तो लोखंडी स्टँड. वडिलांची वही पुन्हा भरायला लागली. त्या वर्षी मामांना मी भागीदार केलं, कागदावर. आधीच करायला हवं होतं. धंदा भागीदारीत करत असाल तर कागद पहिल्या दिवशी करा. प्रेम आहे म्हणून कागद नको, असं म्हणणाऱ्याकडे आधी बघून घ्या. आणि काकांनी? त्यांनी फोन करून खाते क्रमांक मागितला आणि पुढच्या बारा राइडचे पैसे आगाऊ टाकले. त्यातल्या दोन अजून बाकी आहेत. विचारलं की म्हणतात, “असू दे, मरायला वेळ आहे.”

मग आला तो. नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्याची जाहिरात होईल. २०१९ मध्ये आमच्याबरोबर तीनदा आला होता, प्रत्येक वेळी मनगटावर रस्ता नोंदवणारं जीपीएस घड्याळ चालू. कुठे वळायचं, कुठली कवाडं ढकलायची, पाणी कुणाच्या विहिरीवर भरायचं, सगळं त्यानं नोंदवलं. २०२१ च्या नोव्हेंबरात आमच्या रस्त्यावर साठ-पासष्ट सायकली घेऊन उतरला. मागे टेम्पो, टेम्पोवर स्पीकर. रस्ता माझ्या बापाचा नाही, हे मला कळतं. पण मी दहाच्या वर माणसं कधी नेली नाहीत. का, ते सांगतो.

त्या रस्त्यात एक पाणंद एका आजींच्या रानातून जाते. नकाशात ती आहे, पण मधले शंभर फूट बांधच उरलाय. आम्ही आठ वर्षं तिथे सायकलवरून उतरून चालत गेलो. दिवाळीला फराळ दिला, आजींच्या नातवाची सायकल फुकट नीट केली. कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, कधी सुटणार हे पाटकऱ्याला फोन करून विचारायचं, कारण पाणी चालू असलं की बांधावर पाइप आणि मोटारी असतात. ऊसतोडीच्या दिवसांत उजाडल्याशिवाय निघायचं नाही, बिबट्या फडातून बाहेर पडलेला असतो. यातलं काहीच त्या घड्याळात उतरत नाही.

साठ सायकली आजींच्या कांद्याच्या रोपावर आडव्या पडल्या. फोटो काढायला. वाफे पेरून वीस दिवस झाले होते.

दोन दिवसांनी मी गेलो तर पाणंदीवर आडवा चर. जेसीबी लावून चार फूट खोल.

“तुझ्याच ना त्या सायकली?”

“न्हाई आजी, माझ्या न्हाईत त्या.”

“सायकल ती सायकल. मला काय तिच्यावरचं नाव वाचता येतंय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो सगळा हंगाम गेला. मोठ्या रस्त्यानं वळसा घालून बघितला, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे. दोन गट अर्ध्या दिवसातून परत गेले, पैसे परत केले. काका आले, वळसा घातला, काही बोलले नाहीत. जाताना मात्र आजींच्या ओट्यावर अर्धा तास बसून आले. काय बोलले ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

माघ सरता सरता आजींनीच निरोप धाडला. चर बुजवायचा नाही, पावसाचं पाणी त्यातून नीट निघतंय. पण वरून जायला करून घे. मी आणि मामांनी दोन सिमेंटचे पाइप आणले, ट्रॅक्टरचं भाडं, वर मुरमाची एक ट्रॉली. कांद्याच्या रोपाचे पैसेही मीच दिले. आजी घेत नव्हत्या, नातवाच्या हातात दिले.

त्या पाइपांवरून आता सगळेच जातात. तोही जातो, माणसं कमी करून पंधरा केलीत म्हणे, स्पीकर नसतो. आजी त्याच्याही लोकांना पाणी देतात. पाइपांची पावती माझ्या गल्ल्यात आहे, रंग उडालाय, पण आकडा वाचता येतो.