सिंकखालचं डिस्पोजल बदलताना

न्यू जर्सीतलं हे घर घेतलं तेव्हा सिंकखालचं गार्बेज डिस्पोजल, म्हणजे खरकटं बारीक करून पाण्याबरोबर ड्रेनमध्ये सोडणारं विजेचं यंत्र, घराबरोबरच आलं. मागच्या हिवाळ्यात ते नुसतं घूं घूं करायला लागलं, फिरेना. ब्रेकर बंद केला, तळाच्या भोकात पाव इंची ॲलन की (षटकोनी किल्ली) घालून मागेपुढे फिरवली, लाल रीसेट बटण दाबलं. चाललं. आठच दिवसांत सिंकखालच्या कपाटात ओल दिसली. पाणी वरच्या जोडातून येत असतं तर निभावलं असतं, पण ते येत होतं थेट तळातून, बटणाच्या कडेने. म्हणजे आतलं सील गेलेलं. मग नवं घेण्याला पर्याय नसतो.

दुकानात सगळं लक्ष हॉर्सपॉवरकडे जातं. आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच, म्हणून अर्ध्याऐवजी ३/४ घ्यायचं ठरवलं. पण खरा प्रश्न निघाला उंचीचा. मोठं यंत्र जास्त खाली येतं, आणि त्याचं पाणी बाहेर पडायचं तोंड भिंतीतल्या ड्रेनपेक्षा खाली गेलं की पाणी आतच साचून राहतं. मी टेप घेऊन सिंकच्या तळापासून त्या पाइपापर्यंत मोजलं आणि ३/४ मधलंच बुटकं मॉडेल निवडलं. हे माप घेतल्याशिवाय कुणी पैसे भरू नयेत, असं मला अगदी मनापासून वाटतं. आमचं घर गावाच्या सुएरला, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनीला, जोडलेलं आहे. सेप्टिक टँक असता तर मी घेण्याआधी दहादा विचार केला असता.

बसवायचं काम आम्ही दोघांनीच केलं. प्लंबर्स पुटी कणकेसारखी मळून तिची लांब वळी केली आणि सिंकच्या भोकाभोवती लावली. यंत्र वर धरून कडी फिरवताना हात भरून येतात, म्हणून नवऱ्याने खाली तांदळाची वीस पौंडी पिशवी ठेवली आणि त्यावर यंत्र टेकवलं. तासाभरात झालं. दुसऱ्या दिवशी डिशवॉशर लावला तर त्याच्या तळाशी घाण पाणी तुंबलेलं! नव्या यंत्रात डिशवॉशरच्या नळीचं तोंड प्लास्टिकच्या बुचाने बंद असतं. डिशवॉशर जोडायचा असेल तर ते आधी स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने आत पाडून, उचलून घ्यायचं असतं. आम्ही ते विसरलो होतो. नळी पुन्हा काढावी लागली.

वापरताना आधी गार पाणी सोडायचं, मग बटण, मग थोडं थोडं खरकटं, आणि आवाज मोकळा झाल्यावरही थोडा वेळ पाणी चालू ठेवायचं. गरम पाण्याने तूप-तेल पातळ होऊन पुढे जातं आणि पाइपात थिजतं. वास यायला लागला की मी तोंडावरचा रबरी पडदा उलटा करून खालून जुन्या टूथब्रशने घासते. बुळबुळीत काळा थर तिथेच असतो.

उन्हाळ्यात सांगलीहून आई आली. एका रात्री आमटीतल्या चघळलेल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथा सिंकमध्ये गेला आणि यंत्र पुन्हा घूं घूं. आत पाती नसतात. फिरत्या तबकडीवरचे ठोकळे कचरा कडेच्या खरखरीत कड्यावर घासतात. त्या ठोकळ्यांना शेंगांचे दोरे गुंडाळले गेले होते. ब्रेकर बंद करून मी ते चिमट्याने ओढून काढले. आईने एक दोरा उजेडात धरला.

“अगं, हा तर काथ्या आहे. हा कसा दळला जाईल?”

विस्कॉन्सिनमधल्या रसीनच्या जॉन हॅम्सला १९२७ मध्ये हे यंत्र सुचलं, तेव्हा शेवग्याची शेंग त्याच्या हिशोबात कुठून असणार? आईने दुसऱ्याच दिवशी सिंकशेजारी झाकणाचा स्टीलचा डबा ठेवला. शेंगा, केळीच्या साली, कणसाची पानं, आंब्याच्या कोयी त्यात, आणि तिथून परसातल्या खताच्या पिंपात. उरलेला भातही मूठभर असेल तर डब्यातच, कारण तो पाइपात फुगून बसतो. सिंकमध्ये जातं ते ताटातलं बारीकसारीक खरकटं.

ॲलन की कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहे. त्या रात्रीनंतर अजून लागलेली नाही.