खुरातला खिळा आणि धनुर्वात
माथेरानला ओळखीच्या घोडेवाल्या काकांची घोडी धनुर्वाताने गेली, तेव्हापासून हे लिहायचंच होतं. खुरात खिळा घुसलेला, जखम वरून बुजली, आणि दहाएक दिवसांनी घोडी चारही पाय ताठ फाकवून उभी, शेपूट वर, जबडा उघडेना, जरा आवाज झाला की डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा सर्रकन पुढे यायचा... पाणीसुद्धा गिळता येईना हो तिला. हे जंतू माती-लिदीत असतातच, हवा न लागणाऱ्या खोल जखमेत विष बनवतात, आणि गाईम्हशींपेक्षा घोड्याला ते फार पटकन बाधतं. शेळ्यामेंढ्यांना खच्चीकरणानंतरही धनुर्वात होतो. प्लीज, धनुर्वाताची लस द्या, पहिल्यांदा देत असाल तर 4 ते 6 आठवड्यांनी दुसरा डोस, मग दरवर्षी, आणि खुराची जखम छोटी दिसली तरी डॉक्टरांना दाखवाच.