टॅब

आप्पांना आज दुपारी नको ते बोललो. झोप येत नाहीये.

गेले तीन आठवडे मनात तेच होतं, आप्पा मुद्दाम टॅब दाबत नाहीत. उधारीच्या प्रोग्रॅमने ‘गाव?’ विचारलं की एका बोटाने अख्खं नाव लिहितात. पिंपळगाव बसवंत. कधी पिंपळगांव, अनुस्वारासकट. एका टिंबापायी एकाच माणसाची दोन खाती. म्हणून तर रीडलाइन, टाइप केलेली ओळ सांभाळणारी लायब्ररी, जोडायला घेतलं: दोन अक्षरं लिहून टॅब दाबला की यादीतलं गावाचं नाव आपोआप पुरं व्हावं. प्रोग्रॅम पायथॉन भाषेत लिहिलाय. पायथॉनच्या स्वतःच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे थेट आज्ञा टाइप करतो तिथे, ३.४ आवृत्तीपासून टॅब आयताच मिळतो, आपल्या प्रोग्रॅममध्ये तो हाताने बसवावा लागतो. एक रविवार नुसता बुद्रुक-खुर्दमध्ये गेला. मोकळी जागा आली की रीडलाइनच्या लेखी शब्द संपतो, त्यामुळे ‘वडगाव खु’ लिहून टॅब दाबला की नाव शोधून देणाऱ्या माझ्या फंक्शनच्या हाती फक्त ‘खु’. शब्द तोडणाऱ्या चिन्हांची यादीच रिकामी केली, तेव्हा कुठे ‘वडगाव खुर्द’ पुरं आलं. केवढा आनंद झाला होता!

आणि आप्पा त्याला हातही लावत नाहीत. म्हणालो, ‘‘माझं केलेलं तुम्हाला नकोच असतं.’’ ते पावती लिहीत राहिले.

संध्याकाळी ते घरी गेल्यावर त्यांच्या उबंटूच्या कॉम्प्युटरवर मीच टॅब दाबला. काही नाही. परत दाबला. काही नाही.

गावांची फाइल मी फंक्शनच्या आत नुसत्या नावाने उघडत होतो. माझ्याकडे प्रोग्रॅम त्याच फोल्डरमधून चालतो, त्यांच्याकडे डेस्कटॉपवरून. फाइल सापडत नव्हती, आणि अशा फंक्शनमधली चूक पायथॉन गिळून टाकतं. पडद्यावर अक्षर उमटत नाही.

कीबोर्डच्या वरच्या रांगेवर पेंडीची धूळ साचलीय. टॅब स्वच्छ आहे.

म्हणजे दाबत होते. रोज. मग बोलले का नाहीत? मला वाईट वाटेल म्हणून, की आपलंच काही चुकतंय असं वाटून? दुसरं असेल तर... ते फार लागतं. पण विचारलं तरी ते ‘‘असू दे रे’’ एवढंच म्हणणार. मीही तसाच आहे, आईला विचारा.

फाइलचा पूर्ण पत्ता घातला. ‘पिं’, टॅब, आलं. दोन खाती अजून तशीच ठेवलीत. उद्या आप्पांच्या शेजारी बसून एक करीन. टॅब आधी त्यांना दाबू देईन.