तुम्ही विचारलंत म्हणून: रोशनी पावरा का वाटत नाही?

ग्रंथोत्सवाच्या मांडवात, बी.एड.च्या मुलांच्या प्रश्नावलीत, प्राध्यापकांच्या फोनवर, सगळीकडे प्रश्न एकच. ‘ताई, गोष्ट झकास आहे. पण तुमची रोशनी पावरा वाटत नाही हो.’ विचारणारे बहुतेक भली माणसं असतात, म्हणून आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाचं काय ते सांगून टाकते.

माझं हे मुलांचं पुस्तक ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: रोशनी पावरा ही सातपुड्यातल्या पावरा या आदिवासी जमातीची, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात एका आश्रमशाळेत सातवीत आहे, वसतिगृहात राहते, तिची बादली चोरीला जाते आणि ती चोर शोधून काढते. बस. एवढीच गोष्ट.

मी उलट विचारते, की वाटायला काय हवं होतं? मग उत्तरं येतात. डोक्यावर मोळी हवी होती. मोहाची फुलं कुठंच नाहीत. नदी, डोंगर, निसर्गाशी नातं. एका गृहस्थांनी तर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य सुचवलं. अहो, तारपा पालघरकडच्या वारल्यांचा. सातपुड्यात होळीला ढोल घुमतो. आदिवासी म्हटलं की सगळं एकाच टोपलीत. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत दर शंभरात ६९ माणसं अनुसूचित जमातींची होती, आणि त्यांत भिल्ल आहेत, पावरा आहेत, मावची आहेत, कोकणी आहेत. यांच्या बोली वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. पण पुस्तकात यायचं तर सगळ्यांनी मोळी घेऊनच यायचं.

मी स्वतः पावरा नाही. शिरपूरकडची, अहिराणी घरातली. ‘मग तुम्ही लिहिताच कशाला?’ हा दुसरा प्रश्न, त्याकडे येते.

आधी माझं पहिलं पुस्तक. तेही पावरा मुलीचंच होतं, पण त्याबद्दल ‘वाटत नाही’ असं कुणी म्हणालं नाही. उलट वाहवा झाली. त्यात मुलगी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते, शाळा सुटते, शेवटी एक गुरुजी तिला परत आणतात. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे गुजरातकडे, खाली साखर कारखान्यांकडे निघतात, गाड्या भरभरून जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून लिहिलं. खोटं एक अक्षर नव्हतं. चित्रं प्रकाशकांनी शहरातल्या चित्रकाराकडून करून घेतली. मुखपृष्ठ पाहिल्यावर मी पत्र पाठवलं होतं की हा पोशाख बदला. उत्तर आलं, ‘बाहेरच्या वाचकाला मुलगी ओळखू यायला हवी.’ पुस्तक तसंच छापून आलं.

ते मी एका आश्रमशाळेत वाचायला नेलं. संध्याकाळचं जेवण झालेलं, ताटं घासून पालथी घातलेली, मुली ओळीनं सतरंजीवर. अवकाळी पावसाची हवा होती, दोऱ्यांवर न वाळलेले गणवेश, सगळ्या खोलीत ओल्या कापडाचा वास. मी पहिलं पान वाचलं आणि चित्र दाखवायला पुस्तक फिरवलं. पहिल्या ओळीतली एक फिस्सकन हसली. मग दुसरी. मग पुस्तक हातोहात मागे जाऊ लागलं आणि जाईल तिथं हशा. आपसात पावरीत काहीबाही चाललं होतं, मला त्यातलं निम्मंही लागेना. अधीक्षिका ओरडल्या, ‘गप बसा, मॅडम लांबून आल्यात!’ मी म्हटलं, राहू द्या, मलाही कळू द्या काय झालं ते.

शेवटी एका मुलीनं मराठीत सांगितलं. ‘मॅडम, हिनं बुध्याचं घातलंय.’

बुध्या माहीत नसेल तर सांगते. होळीला सातपुड्यात ज्यांचा नवस असतो ते पुरुष बुध्या होतात. अंगभर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. काठी गावच्या होळीचे फोटो पेपरांत येतात, त्यांत हमखास असतात. आमच्या चित्रकारानं त्यातलाच एखादा फोटो समोर ठेवून मोरपिसं आणि भोपळे एका बारा वर्षांच्या मुलीला चढवले होते आणि तिला ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसवलं होतं.

‘होळीच्या दिवशी ऊस तोडायला का चाललीय ही?’ एकीनं विचारलं.

‘आणि बाप्या आहे का?’ दुसरीनं.

मीही हसले. हसण्यासारखंच होतं. मग म्हटलं, चित्र सोडा, गोष्ट ऐका. सगळी वाचली. मुली गप्प ऐकत होत्या, आणि मला वाटलं, चला, निभावलं. वाचून झालं तशी बुध्या ओळखणारी तीच मुलगी म्हणाली, ‘माझे आईबाप आता तिकडंच आहेत, उसाला. मला माहितीये ऊस. तुम्ही पण ऊसच का सांगता?’

मी समजावू लागले. की हे बाहेरच्या लोकांना कळलं पाहिजे, तुमचे हाल कुणी लिहीत नाही, वगैरे. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग त्यांनाच वाचून दाखवा ना.’

उद्धटपणा नव्हता तो. तिला खरंच वाटलं की मी पत्ता चुकलेय.

म्हटलं, मग तुम्हाला कसली गोष्ट पाहिजे? एकच गलका. पाण्याच्या टाकीमागचं भूत. रात्री कपाटाच्या किल्ल्या कुठं असतात ते. कुणाच्या दादाच्या मोबाइलवर पाहिलेल्या सिनेमातल्यासारखी मारामारी. आणि बादली. बादलीवर सगळ्या तुटून पडल्या. वसतिगृहात ज्याची बादली गेली त्याचं सगळं गेलं. सकाळी नळ थोडाच वेळ येतो. म्हणून प्रत्येकीनं नेलपॉलिशनं बादलीवर नाव घातलेलं. मला नेऊन दाखवलं. लाल, गुलाबी, एकीचं चमचमणारं जांभळं. प्रियंका, अंजली, सरिता, रोशनी. माझ्या पुस्तकातल्या मुलीचं नाव प्रकाशकांनी ‘झिंगी’ ठेवलं होतं.

तर बादली तिथून आली. नवी गोष्ट दुसऱ्या एका वसतिगृहात वाचली तेव्हा तक्रारी आल्या त्या वेगळ्याच. मंगळवारी उसळ नसते, खिचडी असते. टाकीचं झाकण एकीला उघडत नाही, दोघी लागतात. पावरा वाटत नाही असं एकीही म्हणाली नाही. तुम्हाला वाटत नाही, त्यांना वाटते. आता पुस्तक कुणासाठी आहे ते तुम्हीच ठरवा.

हे एवढं ठणकावून सांगते खरी, पण आतून एवढी खात्री नाही. कारण मीच पूर्वी व्याख्यानांतून आकडे देत फिरत होते. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली मुलांची ५,२०६ पुस्तकं धरून हिशोब मांडला होता. काळी मुलं फक्त ३४९ पुस्तकांत होती, म्हणजे शंभरात सातसुद्धा नाहीत. हे सांगून मी विचारायचे, आपल्याकडे कुणी मोजलंय का? तेव्हाच्या त्या मला आत्ताची मी आवडली नसती. ती म्हणाली असती, बाई, तू तिचा ऊस काढलास, बोली काढलीस, होळी काढलीस, आडनाव तेवढं ठेवलंस. हे पाहुण्यांसमोर घर आवरून ठेवल्यासारखं झालं. यावर मी म्हणते, मुलीच म्हणाल्या ना. ती म्हणते, एका खोलीतल्या मुली म्हणाल्या. आणि ज्या उसावर गेल्या होत्या, त्या त्या खोलीत नव्हत्याच.

इथं मी गप्प होते.

शिवाय लहानपणी आम्ही तरी कुठं स्वतःला पुस्तकात पाहिलं? साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्याच खानदेशात, अमळनेरला शिकवत होते, छात्रालयातली मुलं सांभाळत होते. पण त्यांचा श्याम कोकणातलाच, आणि तो तसाच असणार, स्वतःचंच बालपण लिहिलं त्यांनी. आम्ही फणस न पाहता, समुद्र न पाहता त्या आईसाठी ढसढसा रडलो. परकं वाटलं नाही. हे मी ‘आपलंच दिसलं पाहिजे’ म्हणणाऱ्यांना सांगते. मग आठवतं की आमच्या शाळेत अहिराणी बोललं की पट्टी बसायची, आणि बहिणाबाईंची कविता आली तेव्हा गुरुजी म्हणाले, बघा, आपली अहिराणी पुस्तकात आली. ती अहिराणी नव्हेच, लेवा पाटीदारांची लेवा गणबोली. पण आम्ही वर्गभर कसले फुललो होतो! म्हणजे फणसावर पोट भरत होतं असंही नाही.

आता दुसरा प्रश्न, मी का लिहिते. तिकडे परदेशात २०१५ साली कोरिन डायव्हिस या लेखिकेनं ‘ओन व्हॉइसेस’ ही खूण काढली: ज्या समाजाचं पात्र, त्याच समाजाचा लेखक. ज्या संस्थेनं ती वापरून रूढ केली, तिनंच २०२१ला ती सोडली, कारण प्रकाशक ती विकायला वापरू लागले आणि लेखकांना आपली ओळख चारचौघांत सिद्ध करत बसावं लागू लागलं. म्हणून मला मोकळं रान मिळालं असं मी म्हणत नाही. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे कधीपासून भिलीत आणि मराठीत कविता लिहितात. त्या खोलीतली एखादी उद्या लिहील आणि माझी रोशनी बाजूला पडेल. पडू दे. तोवर मी लिहू नये का? कधी वाटतं, लिहावं. कधी वाटतं, मी लिहिते म्हणून प्रकाशकाला दुसरीकडे बघायची गरजच पडत नाही.

आणि माझ्यातल्या त्या जुन्या बाईचा एक सवाल मला टाळताच येत नाही. पावरा खोडून पाटील केलं, तर गोष्टीत काय बदलेल? मी पुस्तक घेऊन बसले आणि पाहिलं. एक जागा सापडली. रात्री अधीक्षिकांच्या फोनवरून रोशनी आईशी बोलते. आई उसाच्या फडातून बोलतेय, मागे ट्रॅक्टर चालू आहे, आणि रोशनी बादलीचं काही सांगत नाही, सगळं बरं आहे म्हणते. सव्वा पान. दुसऱ्या आवृत्तीसाठी संपादकांनी विचारलंय, हे जरा वाढवता येईल का. अजून कळवलेलं नाही.