गोळ्या एका दुपारी सुरू झाल्या, अटेंडन्सचा कागद तीन आठवडे खिडकीत अडकला

कॉलेजात डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे अटेंडन्स कमी असलेल्यांची यादी, लागली तेव्हा माझं नाव होतं त्यात, अटेंडन्स ५४ टक्के. मी टीईला (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष), पुण्यात, घर बार्शीला. या सगळ्याला आता चार महिने झाले, पण ऑफिसच्या त्या खिडकीसमोरून गेलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहितेय, कुणाच्या तरी कामाला येईल.

आजाराचं थोडक्यात सांगते. जुलैपासून झोपेचं सगळं गणित बिघडलेलं, पहाटे चारला डोळा लागायचा आणि दुपारी एकला उठायचे, मेसचा डबा तसाच भरलेला परत जायचा, अंघोळीला उठायचं म्हटलं तरी जीवावर यायचं. मी याला आळस समजत होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते. शेवटी रूममेटने एका रात्री १४४१६ लावून फोन माझ्या हातात दिला. ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक त्रासासाठी मदतीची सरकारी लाईन आहे, २०२२ पासून चालू आहे, २४ तास असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. तिकडच्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत दाखव म्हणाल्या. गेले, केस पेपर काढला, दोन तासांनी नंबर आला, डॉक्टर मॅडमनी नीट विचारलं, थायरॉईड आणि बी १२ तपासायला सांगितलं (थायरॉईडमुळे पण असंच गळून गेल्यासारखं होऊ शकतं), डिप्रेशन आहे म्हणाल्या आणि गोळी लिहून दिली. बस. ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती ते काम एका दुपारी झालं.

आता खिडकी.

आमच्या ऑफिसच्या खिडकीला काच आहे आणि खाली हात जाईल एवढीच अर्धगोल फट, त्यामुळे बोलायचं तर कमरेत वाकून, मोठ्याने बोलावं लागतं. मी अटेंडन्समध्ये सूट मिळावी म्हणून केलेला अर्ज आणि त्याला पिन मारलेलं मेडिकल सर्टिफिकेट आत सरकवलं. मागे परीक्षेचा फॉर्म भरायला सात-आठ जण उभे, त्यातले तीन माझ्याच वर्गातले. क्लार्कनी सर्टिफिकेट वाचलं, आणि मनात नाही, मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "डिप्रेशन? हे कसलं मेडिकल गं? ॲडमिट होतीस का? टायफॉईड, डेंगू असं काय असेल तर आण." मी म्हटलं सर, सरकारी हॉस्पिटलचं आहे, शिक्का आहे. तर म्हणे टेन्शन सगळ्यांनाच असतं, आणि कागद परत फटीतून बाहेर. मी तो उचलला आणि कुणाकडे न बघता सरळ हॉस्टेलला आले. त्या रात्री परत झोप नाही.

नंतर परत गेले तर ॲडमिट कार्ड पाहिजे. मी ॲडमिट नव्हतेच तर कार्ड कुठून आणू? त्याच्या पुढच्या वेळी साहेब मीटिंगमध्ये. मग फिटनेस सर्टिफिकेट आण. ते आणलं तर म्हणे आता पालकांना घेऊन ये, त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. असे तीन आठवडे. दर वेळी नवीन कागद, आणि दर वेळी त्याच खिडकीत वाकून त्याच आजाराचं नाव चारचौघांत घ्यायचं. मला राग कागदांचा नाही, कागद लागतात हे कळतं. राग याचा आहे की ज्या गोष्टीमुळे मी घराबाहेर पडू शकत नव्हते तीच रोज उठून सगळ्यांसमोर सिद्ध करायला लावली. ताप आलेल्या पोराला कुणी म्हणतं का की ताप सगळ्यांनाच येतो?

घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं असतं तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं असं मला वाटायचं. पण पालक पाहिजेत म्हटल्यावर पप्पांना फोन केला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. ते पहाटेच्या एसटीने आले, हातात पिशवी, त्यात आईने दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. ऑफिसबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन दीड तास बसले. मला फक्त एवढंच म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?" आई पण रडली नाही, तिने फोनवर विचारलं गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर. दोन महिने मी उगाच एकटीने काढले.

सुटलं कसं ते सांगते, कारण ते कुणीच सांगत नाही. ओपीडीत फॉलोअपला गेले तेव्हा तिथल्या समाजसेवा विभागाच्या मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ आहे, आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा पेशंटला हक्क आहे. हे बंधन मुख्यतः उपचार करणाऱ्यांवर आहे, पण मग कॉलेजला तरी आजाराचं नाव कशाला द्यायचं? त्यांनी डॉक्टरांना सांगून सर्टिफिकेट नव्याने लिहून घेतलं, आमच्या ओपीडीत उपचार चालू आहेत, अमुक ते अमुक तारखेपर्यंत हजर राहणं शक्य नव्हतं, एवढंच. आजाराचं नाव नाही, विभागाचं नाव पण ठळक नाही. हे मला पहिल्याच दिवशी माहीत असतं तर खिडकीतला तो तमाशा झालाच नसता.

दुसरी गोष्ट आमच्या शिपाई मामांनी सांगितली. म्हणाले पोरी, खिडकीत कशाला देतीस, बंद पाकिटात प्राचार्यांच्या नावाने आवक-जावकला दे आणि पोच घे. दिलं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडला, आणि चार दिवसांत एचओडी (विभागप्रमुख) मॅडमचं बोलावणं आलं. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, नंबर पडलेला अर्ज सहज बाजूला सारता येत नाही. मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं, कसं आहे आता विचारलं, जास्तीच्या असाइनमेंट दिल्या, राहिलेली प्रॅक्टिकल जर्नलसकट पूर्ण करायला दोन आठवडे दिले. टर्म ग्रँट झाली, म्हणजे सत्र धरलं गेलं.

एक राहिलं. सर्टिफिकेट केस पेपरच्या तारखेपासूनचंच मिळतं, डॉक्टर मागची तारीख टाकत नाहीत आणि आपण तसं मागायलाही नको. मी ऑगस्टच्या शेवटी दाखवलं, त्यामुळे जुलै आणि जवळजवळ पूर्ण ऑगस्ट माझ्या अंगावर आला, त्यासाठीच त्या जास्तीच्या असाइनमेंट. बरं वाटेल आपोआप म्हणून थांबू नका, दोन आठवडे रोज असंच चाललंय म्हणजे जाऊन दाखवा.

गोळीचं पण सांगते, पहिल्या आठवड्यात मळमळ झाली आणि फरक काहीच नाही, मला वाटलं सोडून द्यावी. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मला चौथ्या आठवड्यात एकदा सकाळी साडेसातला आपोआप जाग आली आणि भूक लागली होती. मनाने बंद करायची नाही, एकदम बंद केली तर चक्कर, झोप उडणं असा त्रास होतो, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि याची सवय लागते, व्यसन लागतं असं जे वर्गात म्हणतात ते झोपेच्या काही गोळ्यांबद्दल खरं असेल, माझ्या गोळीबद्दल मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

कॉलेजला काउन्सिलर आहे का तेही बघा. आमच्या बोर्डावर नंबर आहे, मॅडम आठवड्यातून एकदा दोन तास येतात, आणि चांगल्या आहेत, पण मला ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक पाहिजे. नसेल तर अर्ज द्या, तो पण आवक-जावकलाच. फक्त काउन्सिलर गोळ्या देत नाहीत, त्यासाठी सायकियाट्रिस्टच लागतो.

आणि सरकारी ओपीडीत जाणार असाल तर पहिल्यांदा ज्या वारी दाखवलं त्याच वारी परत जा, बहुतेक तेच युनिट, म्हणजे तीच डॉक्टरांची टीम असते, नाहीतर सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. केस पेपरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. माझा मंगळवार असतो, आता पप्पा सोमवारी रात्रीच फोन करून आठवण करतात.