नवव्या दिवसाची सूज

कबड्डीत चढाई करताना पाय रोवला आणि गुडघा आतल्या आत फिरला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. तासगावहून मिरजेला जाऊन ऑपरेशनची तारीख घेतली. माझी खरी धास्ती इन्फेक्शनची होती. आमच्या संघातल्या एकाच्या गुडघ्यात पू झाला होता, त्याला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं होतं.

आदल्या रात्री पायाचे केस काढायला मी रेझर घेऊन बसलो, तर सिस्टरनी तो हातातून काढूनच घेतला. "ब्लेडनं बारीक बारीक कापतं, दिसत नाही, पण तिथंच जंतू धरतात." सकाळी त्यांनीच ट्रिमरनं केस कापले. चीर देण्याआधी तासाभराच्या आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन झालं.

कमरेखालीच बधिर केलं होतं, म्हणून मी जागा. पडद्याच्या कडेनं बाजूचं टेबल दिसत होतं. माझ्याच मांडीमागून काढलेला ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा टेंडनचा तुकडा, ओल्या पांढऱ्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवला होता. गॉज व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेलं, 100 मिली सलाईनमध्ये 500 मिलिग्रॅम. डॉक्टरांनी नंतर समजावलं: ग्राफ्ट काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, मग सलाईनवाटे दिलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. हाताळताना कातडीवरचे जंतू त्याला चिकटले, तर तेच सांध्यात जातात. हे ऐकून मला फार धीर आला.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आईनं सगळ्यांच्या खुर्च्या सोप्यातच मांडल्या, माझ्या पलंगावर कुणाला बसू दिलं नाही. पट्टीला हातसुद्धा नाही.

नवव्या दिवशी गुडघा टम्म फुगला, गरम लागायला लागला, अंगात कणकण. मामांनी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. मी पाण्याचा तांब्या उचललाही होता, पण आधी दवाखान्यात फोन केला. "गोळी घेऊ नकोस, आहे तसा निघून ये. आधी औषध पोटात गेलं तर तपासणीत जंतू सापडत नाहीत, आणि उपचार भरकटतात."

त्यांनी रक्तातलं सीआरपी तपासलं, ते सूज किंवा इन्फेक्शन असलं की वाढतं, आणि सुईनं सांध्यातलं पाणी काढून जंतू वाढतात का बघायला कल्चरला पाठवलं. सिरिंजमध्ये लालसर पाणी आलं, गढूळ नव्हतं. तरी रिपोर्ट येईपर्यंत आईनं आणि मी धड झोप घेतली नाही.

पाचव्या दिवशी फोन आला, जंतूंची वाढ नाही. आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि सिस्टरांना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं.