बदलापूरचा फ्लॅट विकला, कॅपिटल गेनचं (विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्सचं) काय झालं – माझा अनुभव

आम्ही राहतो डोंबिवलीत, बदलापूरचा टू बीएचके २०११ च्या दिवाळीत घेऊन ठेवलेला, स्टॅम्प ड्युटी रजिस्ट्रेशन सगळं धरून २४ लाखांत पडला. नोव्हेंबर २०२४ ला ५८ लाखांना गेला. ब्रोकरेज वगैरे १ लाख.

जुलैच्या बजेटनंतर सगळीकडे एकच ओरड, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरायची सोय) गेलं म्हणून. पण नंतर सरकारने थोडं मागे घेतलं, म्हणजे २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर दोन्ही पद्धतीने टॅक्स काढायचा आणि कमी येईल तो भरायचा. हे फक्त रेसिडेंट लोकांना हं, दुबईला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला नाही मिळत.

तर नवीन पद्धत, इंडेक्सेशन नाही: ५८ तून ब्रोकरेज जाऊन ५७, वजा २४, नफा ३३ लाख, त्यावर १२.५ टक्के आणि सेस (टॅक्सवरचा ४ टक्के जादा कर), झाले ४ लाख २९ हजार. जुनी पद्धत, इंडेक्सेशनवाली: २०११-१२ चा सरकारी महागाई इंडेक्स १८४, २०२४-२५ चा ३६३, त्यामुळे २४ चे झाले साधारण ४७ लाख ३५ हजार, उरलेल्या साडेनऊ-पावणेदहा लाखांवर २० टक्के, सेससकट जेमतेम २ लाख. म्हणजे निम्म्याहून कमी! सीएने दोन्ही आकडे समोर ठेवले तेव्हा बायको म्हणाली, मग विचार कसला करताय.

मेव्हणे मागे लागलेले की ५४ईसीचे बॉन्ड (नफा गुंतवला की त्यावरचा टॅक्स माफ होतो ते रोखे) घ्या, टॅक्सच नको. पण ते ६ महिन्यांच्या आत घ्यायचे, ५ वर्षं पैसे अडकणार, व्याज तेव्हा ५.२५ टक्के आणि त्यावर परत टॅक्स. मुलीची फी समोर असताना मला ते पटलं नाही, टॅक्स भरून मोकळा झालो. दुसरं घर घेणार असाल तर नफा घरात गुंतवल्यावरची सूट (तेव्हाचं सेक्शन ५४) बघा, ते वेगळं.

एजंटने "थोडे कॅशमध्ये घ्या" सुचवलंच, ते सरळ उडवून लावलं. आणि घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं की १ टक्का टीडीएस (माझ्या नावाने आधीच कापून भरायचा टॅक्स) कापलात की तो भरायचा २६क्यूबी फॉर्म वेळेत भरा आणि कापल्याचं सर्टिफिकेट, फॉर्म १६बी, द्या. ते ५८ हजार २६एएसमध्ये (माझ्या नावावर भरलेल्या टॅक्सच्या उताऱ्यात) दिसले, मग उरलेला टॅक्स १५ डिसेंबरच्या ॲडव्हान्स टॅक्सच्या (वर्ष संपायच्या आत भरायच्या टॅक्सच्या) हप्त्यामध्ये बराचसा आणि बाकी मार्चमध्ये भरला, त्यामुळे व्याज लागलं नाही.

रिटर्न भरला आयटीआर-२ फॉर्ममध्ये. जुनं ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा) आणि स्टॅम्प ड्युटीची पावती सीएने पहिल्याच दिवशी मागितली, ती फाइल आईने जपून ठेवलेली म्हणून बरं.